तिसऱ्या ओळीतला थांबा

अंधेरी (पूर्व),
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. हर्षददादा म्हणाला, मायना नीट नसला तर तू पुढचं वाचतच नाहीस, म्हणून आधी नमस्कार घे.

व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही मोठं लिहिलं तरी तुझ्याकडून नुसता अंगठा येतो. त्यामुळे आता कागदावर आले. दादाचं ऑफिस आमच्या स्टुडिओपासून दोन गल्ल्या सोडून आहे. तो घाटकोपरहून मेट्रोने येतो-जातो, तर पोस्टमन व्हायला तयार झालाय. प्रत्येक पत्रामागे एक कटिंग आणि खारी, असं ठरलंय.

बातमी तशी काही महिने जुनी झाली, पण मला खरं काम मिळालं. साबणाच्या आणि कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिराती पुरे झाल्या. मुलांसाठी चाळीस मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म आहे आणि तिचं सगळं संगीत माझं. गोष्ट तुमच्याच विक्रोळीची आहे. तुमच्या मागे खाडीत जे कांदळवन आहे ना, तिथले कोल्हे. एक कोल्ही आणि तिचं पिल्लू, नाव चिखलू. भरतीचं पाणी वाढत जातं आणि कोल्हीला पिल्लासाठी नवी जागा शोधायची असते, एवढीच गोष्ट.

यात एक गंमत आहे. साध्या सिनेमात आधी चित्रण होतं, मग मागचं संगीत. इथे गाण्याच्या बाबतीत उलटं. आधी गाणं, मग त्या गाण्यावर एकेक चित्र काढायचं. शेपटी कधी हलली, कान कधी वळला, सगळं सुरांवर. त्यामुळे घोळ असा झाला, की फिल्मच्या मधोमध एक अंगाई आहे. शब्द नाहीत, कोल्ही नुसती गुणगुणते. चित्रं काढणाऱ्यांना सुरुवात करायची घाई होती आणि माझी चाल तयार नव्हती. म्हणून मी तात्पुरती एक जुनी टेप लावून दिली. कुणी एक बाई गुणगुणते आहे. नंतर ती काढून आपली घालू, असा विचार होता. आता चार महिने झाले, त्या बाईच्या श्वासाश्वासावर चित्रं काढून झालीत.

आणि ती बाई तिसऱ्या ओळीत मधेच थांबते. ओळ संपल्यावर नाही, ओळीच्या पोटात. मग जिथे सोडलं तिथूनच पुन्हा उचलते. दर फेरीला तिसऱ्या ओळीतच, पण कधी कमी, कधी जास्त. त्या जागी चित्रात कोल्ही पिल्लाजवळ कान नेते. आमची दिग्दर्शिका प्रांजल त्या जागेवर जीव टाकते. मला आता चांगल्या गायिकेकडून ते गाऊन घ्यायचं आहे आणि तो थांबा कुणालाच जमत नाहीये.

तू इतकी वर्षं भजनी मंडळात गायलीस, अर्ध्या बिल्डिंगची पोरं निजवलीस. मला एवढंच सांग, अंगाई म्हणताना कुणी तिथे का थांबेल?

तुझी,
श्रुतिका

~

(चिठ्ठी, त्याच दिवशी)

हर्षददादा,

पाकीट आत्यालाच दे, चेतनावहिनीकडे नको. आणि ती टेप आत्याचीच आहे हे चुकूनही बोलू नकोस. बाबांनी ती कॅसेट तिच्यापासून लपवून ठेवली होती हे कळलं तर त्यांचंही काही खरं नाही. तिने सगळ्या कॅसेट टाकून दिल्या तेव्हाचा तिचा चेहरा आपण दोघांनी पाहिलाय. मी फक्त तो थांबा समजून घेते, दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेते आणि टेप गुपचूप परत देते. तिला कधी कळणारही नाही.

श्रु

~

कन्नमवार नगर, विक्रोळी,
९ नोव्हेंबर

चि. श्रुतिकास वनमालाआत्याचा आशीर्वाद.

पत्र लिहिलंस ते फार बरं केलंस. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गळ्यातला आजार काढला, त्याबरोबर आवाजही गेला. तेव्हापासून मी पाटीवर लिहून बोलते. पण पाटीवर अर्धं वाक्य झालं की समोरचा उरलेलं स्वतःच म्हणतो आणि त्याचं उत्तरही स्वतःच देतो. मी ‘मीठ’ लिहिलं की चेतना म्हणते, "कमी पडलं का, आई?" मला लिहायचं असतं की मीठ संपलंय, येताना घेऊन ये. सून चांगली आहे, पण घाईची. हर्षदने ते गळ्याला लावायचं मशीन आणलं होतं, त्यातून माझा आवाज मिक्सर फिरल्यासारखा यायचा. ते कपाटात गेलं. पत्रात मात्र कुणाला मधे तोंड घालता येत नाही. तेव्हा आता निवांत ऐक.

कोल्हे इथे अजून आहेत. खाडीकडून त्यांची कुई ऐकू येते. त्यातली एखादी अंगाई म्हणेल असं काही मला वाटलं नव्हतं, पण तुझा सिनेमा, तुझी कोल्ही.

आता तुझी ती टेपवाली बाई. स्पष्ट सांगते, राग मानू नको. तिला गाणं येत नसणार. आमच्या मंडळात ओळीच्या मधे कुणाचा दम तुटला तर दत्तजयंतीच्या भर कार्यक्रमात बुवा पखवाजावरचा हात उचलायचे आणि तिच्याकडे बघत बसायचे. पुन्हा तशी चूक व्हायची नाही. एक तर त्या बाईची छाती कमजोर असेल, नाहीतर समोर दूध उतू जात असेल. तिच्या चुकीवरून तुमच्या पोरांनी चांगली चित्रं काढली, यात शहाणी ती पोरं आहेत, ती बाई नव्हे. उगाच तिला डोक्यावर घेऊ नका. चांगली गाणारी बघ आणि सरळ गाऊन घे.

फक्त एक बघ. ती थांबते तेव्हा मागे काही ऐकू येतं का? अंगाई म्हणणारीचे हात कधी रिकामे नसतात. ती नुसत्या गळ्याने गातेय असं समजून तुम्ही ऐकत असाल तर तिथेच तुमचं चुकत असेल.

दत्तारामला म्हणावं, बहिणीकडे यायचे रस्ते बंद झालेत का? बोरिवली काही परदेशात नाही.

तुझी,
आत्या

~

अंधेरी (पूर्व),
२० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. बाबांना निरोप दिला. ते म्हणाले, "येतो, येतो," आणि पेपरमागे लपले.

तू सांगितलंस म्हणून हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. आत्या, मागे खरंच काहीतरी आहे. थप, थप, थप, अगदी बारीक. मी इतके दिवस ते टेपची खरखर समजत होते. आणि ती बाई थांबते तिथे ते थपथपणंही थांबतं.

सपना नावाची एक गायिका मिळाली आहे. मुलुंडला राहते, आवाज गोड आणि स्वभाव त्याहून गोड. पण आम्ही गायकाच्या कानात क्लिक देतो. क्लिक म्हणजे नुसती टकटक, घड्याळासारखी, म्हणजे गाणं आणि चित्र जागच्या जागी बसतात. सपना ती टकटक मोजून थांबते आणि मोजून सुरू होते. ऐकताना वाटतं, फोनचं नेटवर्क गेलं आणि परत आलं. तिने नऊ-दहा वेळा केलं, बिचारी शेवटी रडकुंडीला आली. मलाही तिला नक्की काय सांगायचं ते कळेना.

प्रांजल म्हणते, कशाला एवढा त्रास, ती मूळ टेपच फिल्ममध्ये घेऊ. खरखर काढता येते हल्ली. आणि टेप वापरता येत नसेल तर ती पूर्ण प्रसंगच कापणार आहे. फेब्रुवारीत फिल्म द्यायची आहे आणि अंगाई गेली तर फिल्मचा जीवच जाईल. माझं पहिलं काम आहे, आत्या. माझ्या नावाखाली ते लंगडं होऊन जावं असं वाटत नाही.

अडचण एवढीच की ती टेपवाली बाई परवानगी देईल असं मला वाटत नाही. तिने गाणं सोडलंय. तिच्या आवाजाचा विषय काढलेलाही तिला चालत नाही. तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

तुझी,
श्रुतिका

~

विक्रोळी,
२४ नोव्हेंबर

श्रुतिका,

तुझं पत्र वाचलं आणि हर्षदला विचारलं, ही बाई कोण. तो म्हणाला, "मला काय माहीत?" आणि त्याचे कान लाल झाले. लहानपणी वाटीतला गूळ खाल्ला तरी त्याचे असेच कान लाल व्हायचे. मग मी पाटी त्याच्यासमोर धरून उभी राहिले. जेवणाचं ताट समोर होतं, पळणार कुठे? सगळं बोलला.

म्हणजे दोन आठवडे मी माझ्याच छातीला कमजोर म्हणत होते आणि तू ते वाचत होतीस. हसलीस का गं?

तू विचारलंस, तिच्या जागी असतीस तर. तर ऐक. ऑपरेशननंतर मी घरी आले तेव्हा मंडळाच्या बायका भेटायला आल्या. येताना माझी टेप घेऊन आल्या, गणपतीतल्या भजनाची. मला बरं वाटावं म्हणून लावली. मी पलंगावर बसलेली, गळ्याला पट्टी, आणि माझा आवाज खोलीभर. सगळ्या पदराने डोळे पुसत होत्या. मी जिवंत होते आणि माझ्यासमोर माझं तेरावं चाललं होतं. नंतर जो आला त्याने तेच केलं. शेवटी घरातल्या सगळ्या कॅसेट मी पिशवीत भरल्या आणि कचऱ्याच्या गाडीत घातल्या. दत्तारामने एक ठेवून घेतली हे आता कळतंय. त्याला सांग, सध्या नाही आलास तरी चालेल.

माझा आवाज सिनेमात घ्यायचा नाही. हॉलमध्ये बसलेल्या लोकांनी माझ्यासाठी डोळे पुसायला मी अजून मेलेली नाही. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

वनमाला

~

अंधेरी (पूर्व),
१२ डिसेंबर

प्रिय आत्या,

दोन पत्रं लिहून फाडली. त्यात माझीच बाजू जास्त होती.

तुझी टेप काढली. फिल्ममधून आणि कॉम्प्युटरमधूनही. कॅसेट बाबांकडे परत दिली, ती टाकायची की ठेवायची हे तू सांगशील तेव्हा करतील. प्रांजलला खरं काय ते सांगितलं. ती आधी चिडली, मग म्हणाली की तिच्या आजीच्या आवाजाचं असं कुणी केलं असतं तर तिने त्याला सोडलं नसतं. अंगाईच्या जागी सध्या नुसती बासरी आहे. जानेवारीच्या शेवटापर्यंत काही सुचलं नाही तर प्रसंग जाईल. ते आता माझं मी बघेन, तू त्याची काळजी करू नकोस.

हसले नाही, आत्या. तुझं ते पत्र आलं तेव्हा मी स्टुडिओच्या जिन्यात बसून वाचलं आणि मला फार वाईट वाटलं. तू त्या बाईला नावं ठेवत होतीस आणि मला सारखं ओरडून सांगावंसं वाटत होतं, की असं बोलू नको, ती किती चांगली गायची ते मला माहीत आहे. पण सांगितलं असतं तर चोरी उघडी पडली असती. म्हणून गप्प बसले आणि पुढच्या पत्रात आणखी खोटं बोलले.

टेप का घेतली तेही सांगते. मी अंगाईच्या सहा चाली केल्या. सहावी झाल्यावर लक्षात आलं की सगळ्या तुझ्याच आहेत, थोड्या वळवलेल्या. माझ्या डोक्यात अंगाई म्हणून दुसरं काही नाहीच आहे. मग विचार केला, नक्कल कशाला, अस्सलच लावते.

तुझी नाराज,
श्रुतिका

(खाडाखोड करत नाही, पण ‘नाराज’ चुकीचं आहे. नाराज तू आहेस. मी शरमिंदी.)

~

कन्नमवार नगर, विक्रोळी,
३ जानेवारी २०२५

चि. श्रुतिकास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला, मुद्दाम केला. राग एकदम उतरला तर लोकांना त्याची किंमत राहत नाही.

दत्ताराम येऊन गेला. हातात चिकूची पिशवी आणि चेहऱ्यावर अपराध. मी पाटीवर लिहिलं, ‘चोर.’ तो म्हणाला, "असूं दे. आईचो एकय फोटो नाय आपल्याकडे. तुझो आवाज तरी ऱ्हवांदे म्हणान ठेवलंय." रडवेला झाला होता. मग मी त्याला जेवायला वाढलं.

आता मुद्द्याचं. परवा दुपारी रेवतीला निजवत होते. हर्षदची मुलगी आता दोन वर्षांची झाली. तिने माझा आवाज कधी ऐकलेलाच नाही. मी तिला नुसती थोपटते आणि ती निजते. तिच्या लेखी आजीची अंगाई म्हणजे हातच. तर थोपटता थोपटता माझा हात आपोआप थांबला. थोडा वेळ तसाच पाठीवर राहिला आणि पुन्हा सुरू झाला. काही वेळाने पुन्हा तेच. आणि श्रुतिका, मी तिथल्या तिथे चमकले. मी मनातल्या मनात तीच चाल म्हणत होते आणि हात तिसऱ्या ओळीत थांबत होता.

तू विचारलं होतंस, तिथे कुणी का थांबेल. अगं, निजलं का ते बघायला! थोपटणं थांबवायचं आणि ऐकायचं. पोर चुळबुळलं तर अजून जागं आहे. श्वास एका लयीत लागला असेल तर निजलं. दोन ओळी पोरासाठी गायच्या आणि तिसरीत पोराचं ऐकायचं. प्रत्येक वेळी सारखं कसं थांबणार? झोप काय बेस्टच्या वेळापत्रकाने येते? मी बुवांच्या हाताखाली तयार झालेली बाई, मलाच माझा थांबा ओळखता आला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच.

आणि त्या टेपमध्ये कुणाचा श्वास ऐकत होते ते तुला माहीत आहे ना? तुझी आई टेलिफोन ऑफिसला दुपारच्या पाळीला जायची आणि तुला माझ्याकडे ठेवायची. तुझं नाक बारा महिने चोंदलेलं. तुझा श्वास नीट ऐकू यायलाच वेळ लागायचा, म्हणून तो थांबा एवढा लांब. दत्तारामने नवा टेपरेकॉर्डर आणला होता, तो चालतो का बघायला त्याने बटण दाबून ठेवलं असेल.

आवाज देणार नाही. त्यावर मी ठाम आहे. पण हात आहेत माझ्याकडे. तुझ्या त्या सपनाला मला भेटव. मी येते अंधेरीला. हर्षदला सुट्टी घ्यायला सांगितली आहे. माझ्यासमोर कुणी दयेने मान वाकडी करून बोलायचं नाही, एवढं सगळ्यांना आधीच सांगून ठेव.

तुझी,
आत्या

~

अंधेरी (पूर्व),
२० जानेवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी मनापासून.

परवा तू काचेपलीकडे गाण्याच्या खोलीत होतीस, त्यामुळे बाहेर काय चाललं होतं ते तुला कळलं नाही. म्हणून लिहिते.

तू सपनाच्या मागे स्टूल घेऊन बसलीस आणि तिच्या कानातला क्लिक काढायला लावलास, तेव्हा आमच्या साउंड इंजिनीअर विकीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मला म्हणाला, "मॅडम, वाट लागली. टकटक नसेल तर पिक्चरवर काहीच बसणार नाही." मग तू तिच्या पाठीवर थोपटायला लागलीस आणि ती गुणगुणायला लागली. पहिल्यांदा तर सगळंच चुकलं. तू थांबलीस तेव्हा कोल्ही गुणगुणत होती आणि कोल्ही थांबली तेव्हा तू थोपटत होतीस. विकी माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे.

तेव्हा तू पाटी काचेला लावलीस. ‘माका टीव्ही दिसाक व्हयो.’ विकीला मालवणी कुठून कळणार? तो विचारत होता, "टीव्हीला काय झालं?" स्क्रीन तुझ्याकडे वळवला. तू चष्मा पुसलास आणि त्या चिखलूकडे बघायला लागलीस. मग तू गाणं ऐकत नव्हतीस, आम्हाला बघत नव्हतीस, फक्त ते पिल्लू निजतंय का एवढंच बघत होतीस. त्याने पाय हलवला की तुझा हात सपनाच्या पाठीवर टेकून राहायचा आणि ती आपोआप थांबायची. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती नंतर म्हणाली, "ताई, हात थांबला की आवाज पुढे जातच नव्हता. आपण निजलो का हे कुणीतरी बघतंय असं वाटलं."

शेवटच्या फेरीला चित्रात कोल्ही थांबून पुन्हा गुणगुणायला लागलीसुद्धा आणि तुझा हात अजून सपनाच्या पाठीवर टेकलेलाच होता. विकी म्हणाला, चुकलं, पुन्हा घेऊ. तू दुसऱ्या हाताने पाटीवर लिहिलंस, ‘ह्यो अजून निजूक नाय.’ आणि आत्या, खरंच नव्हता निजला. आम्ही पुन्हा बघितलं, त्या जागी चिखलूची शेपटी हलत होती, चित्र काढणाऱ्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. प्रांजल म्हणाली, "गाणं असंच राहू दे. आपण कोल्हीला थांबवू." आता दोन पोरं बसून कोल्हीची तेवढी चित्रं नव्याने काढताहेत.

विकीने नंतर विचारलं, ती थपथप साफ करून टाकू का? पाठीवरच्या हाताचा आवाज माईकमध्ये आला होता. मी आणि प्रांजल एकदमच ओरडलो, "नको!"

प्रसंग राहिला, आत्या. फिल्म वाचली. मी तुझ्याकडून आवाज चोरायला गेले होते, आणि तू जे दिलंस ते मला मागायलाही सुचलं नसतं. तुझ्यावर माझं फार प्रेम आहे. बोलताना असलं काही म्हटलं जात नाही, पत्रात म्हणता येतं.

तुझी,
श्रुतिका

~

कन्नमवार नगर, विक्रोळी,
१० मार्च

चि. श्रुतिकास अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझा सिनेमा बघितला, त्याला दोन दिवस झाले. शेजारीपाजारी सगळ्यांना पाटीवर लिहून सांगून झालं, खडूचा अर्धा डबा संपला.

शेवटी नावं आली त्यात ‘थोपटणं: वनमाला’ असं आलं तेव्हा चेतनाने मला असा चिमटा काढला की दंडाला अजून निळं आहे. गायन, बासरी, तबला अशी नावं असतात. थोपटणं म्हणून कुणाचं नाव पडद्यावर आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. दत्ताराम मोठ्याने म्हणाला, "बहीण माझी!" लोकांनी वळून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं.

आता तुला जे कळलं नाही ते सांगते. तू पुढे प्रांजलजवळ बसली होतीस. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. पोर सुरुवातीपासून किरकिरत होतं, ती बिचारी ओशाळून त्याला गप्प करत होती. अंगाई सुरू झाली. दुसऱ्या फेरीला ते गप्प झालं. तिसऱ्या फेरीला थपथप थांबली, सगळा हॉल शांत, आणि मी काय केलं सांगू? मी पुढे वाकून त्याचा श्वास ऐकला. निजलं होतं. सिनेमा संपल्यावर ती बाई मला म्हणाली, "सॉरी हं, एवढा छान पिक्चर आणि हा झोपला." मी तिला पाटीवर लिहून दिलं, ‘माझ्या गाण्याला एवढी मोठी दाद कधी मिळाली नाही.’ तिला काही समजलं नसावं.

हॉलमध्ये कुणी माझ्यासाठी डोळे पुसले नाहीत. पुसले असतील तर कोल्हीसाठी. मला तेच हवं होतं.

आता एक काम आहे. येत्या रविवारी ये, सकाळी, जेवायलाच ये. येताना दत्तारामकडून ती कॅसेट घेऊन ये. हर्षदने कुणाकडून तरी जुना टेपरेकॉर्डर मागून आणला आहे, चालतो म्हणाला. सहा वर्षांत मी तो आवाज ऐकलेला नाही. मागे ऐकवला गेला तो माझ्या इच्छेविरुद्ध, आता माझी इच्छा आहे. त्या टेपमधल्या बाईला मी बरंच काही बोलले आहे, तर एकदा तिला नीट ऐकते तरी. रेवतीलाही समोर बसवणार आहे. आजीला आवाज होता हे तिला कळू दे.

पण खरं सांगू? भीती वाटते. हे मी पाटीवर कुणाला लिहिलं नसतं. अर्धं वाक्य वाचूनच ‘घाबरू नका’ म्हणाले असते सगळे.

म्हणून तू माझ्या मागे बस. रडायचं नाही, बोलायचं नाही. टेप सुरू झाली की नुसती थोपटत राहा. आणि तिसरी ओळ आली की हात थांबव, आणि ऐक मी कशी आहे ते.

तुझी,
आत्या